टेगनचं शिकाऊ विमान

हॉर्शम, ४ फेब्रुवारी १९९६

चि. टेगन हिस आजीचे आशीर्वाद.

रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवायला शिकणार ते आजोबाकडूनच, हा तुझा हट्ट पोचला. डॉक्टर म्हणतो, आल्बीचं विसरणं वाढतच जाणार. तेव्हा याच ईस्टरला ये.

तू मासिकातून कापून धाडलेलं लाल लढाऊ विमान आल्बीनं नापास केलं. म्हणाला, रूप राजकन्येचं आणि स्वभाव माझ्या सासूचा, नवख्याला पहिल्याच दिवशी जमिनीत घालेल. माझ्या आईचं नाव विसरलाय, पण टोमणा शाबूत आहे! नवशिक्याला संथ विमान हवं, पंख अंगाच्या वर बसवलेलं, हात सुटला तर आपणहून सरळ होणारं. तसं मागवलंय. पंख रबरबँडनं बांधायचा. आपटलं तर सुटतो, मोडत नाही. खोकं स्वयंपाकघरात आलं, माझी जेवायची जागा गेली.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

आजी मर्ल

लॉन्सेस्टन, १४ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

बोटीचं तिकीट काढलं. लहानपणी आजोबा मागे लागायचे, तेव्हा मी कुंपणापाशी बसून बिस्किटं खात राहिले. आता त्यांनी जुळवलेलंच उडवायचंय. तू मध्ये हात घालू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे!

दोघांना खूप प्रेम.

टेगन

हॉर्शम, ३ मार्च

चि. टेगन हिस आशीर्वाद.

मी हात घातला.

विमान जुळवायला त्याला अकरा दिवस लागले. शेपटी सरळ बसली का ते त्यानं दोऱ्यानं मापलं. पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला. बोटांना सगळं आठवत होतं. मग बॅटरी जोडून हातातल्या रेडिओची दांडी उजवीकडे नेली, तर उजव्या पंखाच्या मागची हलती पट्टी खाली गेली. वर जायला हवी, नाहीतर विमान उलट्या बाजूला वळतं, हे चाळीस वर्षं जेवताना ऐकून मलाही पाठ आहे. तो म्हणाला, झकास.

तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याच्या रेडिओवरचं पट्टीची दिशा उलटवायचं बटण सरकवलं. पण तो प्रत्येक विमान दोनदा तपासतो, हे मीच विसरले. बाहेर येऊन त्यानं पुन्हा दांडी हलवली, बटण सरकलेलं पाहिलं. रेडिओला कोणी हात लावला, विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाला, मर्ल, तुला खोटं कधी जमलंच नाही.

पट्ट्या उलट्या चालणारं विमान मैदानावर आणणाऱ्याला तो घरी पाठवायचा. आता टोपीवरचा क्लबच्या शिक्षकाचा बिल्ला काढून काट्या-चमच्यांच्या खणात टाकलाय. शिकवणार नाही म्हणतो.

मी चूक केली असं म्हणत नाही. पण गप्प बसले असते तर त्याला आपली चूक कळली नसती.

आजी

हॉर्शम, १७ मार्च

चि. टेगन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. नुसतं शेजारी उभं राहिलात तरी पुरे, हे तुझं वाक्य दोनदा वाचलं. तो म्हणाला, तिकडच्या क्लबातला शिकवणारा इंजिनाचा वेग वाढवायची दांडी कुठल्या हातात धरतो, ते तिला विचारायला सांग. माझी उजव्या हाताला आहे. शिकणाऱ्याचा रेडिओ शिकवणाऱ्यासारखाच लागतो, तेव्हा तिनं त्याच्यासारखा घ्यावा. एवढं बोलून उठला.

तरी ईस्टरला ये. भाजलेलं मटण करीन. विमान त्यानं खोक्यात भरून ठेवलंय. पत्ता स्वतः लिहिला, तुझा, लॉन्सेस्टनचा, अगदी बरोबर. नाव मात्र लिनेटचं, तुझ्या आईचं.

मी ते तसंच ठेवलंय.

तुझी आजी