वखारवाला निवडून येतो तेव्हा

आप्पा,

शनिवारी तुमची नात आली होती. तिची आई आणि मी आता वेगळे राहतो, त्यामुळे ती शनिवारचीच येते, आणि आल्यावरही निम्मा वेळ अभ्यास करते. या वेळी शाळेत रेफेराट होतं, म्हणजे वर्गासमोर उभं राहून बोलायचं. विषय होता एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या या भागातून अमेरिकेला गेलेला एक माणूस. तिथे त्याने लाकडाचा धंदा केला, चिकार कमावलं आणि मग निवडणूक लढवून शहराचा मेयर झाला. मी म्हटलं, "अगं, हे तर आपल्या आप्पांचंच! त्यांचीही वखार होती, तेही नगराध्यक्ष झाले." "एष्ट?" म्हणजे खरंच का, एवढंच म्हणाली आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. त्याच्या मुलांचं काय झालं, मी विचारलं. "श्टेट निश्ट्स द." काहीच लिहिलेलं नाही म्हणे.

लिहिणार कोण? निवडून आल्यावर तुम्ही वखारीच्या ऑफिसात गाऱ्हाणी ऐकायला बसायचात. बाकावर जो आधी आला त्याचा नंबर आधी, मग तो आमदाराचा मेहुणा का असेना. बारावीचा निकाल सांगायला मीही त्या बाकावर बसलो, कारण घरी तुम्ही सापडतच नव्हतात. माझी पाळी आली. तुम्ही कसल्याशा अर्जावर सही करत होतात. मान वर न करता म्हणालात, "बोला, काय अडचण आहे?" सगळे हसले, तुम्हीही हसलात, पुढे तो किस्सा सभांमधून रंगवून सांगितलात. मला त्यात कधीच हसू आलं नाही. राजकारणाचा राग डोक्यात बसला तो तेव्हापासून.

आणि आता शेजारचे आजोबा मागे लागलेत, गेमाइंडराटला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, उभे राहा म्हणून. "गेनाऊ, अगदी तुमच्यासारखेच लोक हवेत." बरेच दिवस टाळलं. काल हो म्हटलं. त्यांना वाटलं, मला गावाची कळकळ आहे. कसली कळकळ, आप्पा! ऑफिस सुटलं की शनिवारपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. निवडून आलो तर निदान कोणीतरी तक्रार घेऊन दारात येईल. आजोबांना हे सांगता आलं नाही. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही आता या जगात नाही, हे कुठे पोचणार नाही. तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात ते आई गेली त्याच वर्षी, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा घरात आपण दोघंच उरलो होतो, आणि मला वाटायचं, एकटा मीच आहे.