वॉर्डातला एकच चिमटा

९ जानेवारी

जान्हवीला ॲडमिट केलं. डॉक्टर न्यूमोनिया बोलले. छाती नुसती भात्यासारखी हलते. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलीय. एवढीशी पोर, दोनच दात आलेत. नवऱ्याला, निलेशला मी बोलले, थांब ना आज. बोलला, खाडा केला तर मालक काढून टाकेल. गेला.



१० जानेवारी

अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर. वनमाला सिस्टर. आधी एका पाळीला चौघी असायच्या म्हणे. एक रिटायर झाली, एक बदली घेऊन गेली, एक आजारी पडली ती आलीच नाय. त्यांच्या जागी कोणी घेतलंच नाय. मी विचारलं, का नाय घेत? बोलली, "भरती बंद आहे. वरून. वर म्हणजे कोण, ते मला पण नाय माहीत. तू पोरीची नळी सांभाळ, माझं डोकं नको खाऊ."

शेजारच्या खाटेवर मिहिर. जान्हवीएवढाच. आई लोकांकडे कामाला जाते म्हणून आजी बसते सोबत, सोनूबाई. मालवणची. मिहिर दम लागलेला असला तरी हसतो. येडा आहे.

११ जानेवारी

बोटाला लावायचा चिमटा येतो ना, अंगात हवा किती पोचते त्याचा आकडा दाखवतो, तो वॉर्डात एकच चालू आहे. बाकीचे बंद. सिस्टर एकटी कुठे कुठे फिरणार, म्हणून पोरांच्या आयाच खाटेखाटेला फिरवतात. आज सिस्टरने माझ्या हातात दिला. "आकडे कळतात ना तुला?" सातवी नापास आहे, पण आकडे कळतात. नव्वदच्या खाली गेला की तिला हाक मारायची.

सोनूबाई बोलली, "अर्धी सिस्टर, चाय पितंस?" सगळ्या हसल्या. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

१३ जानेवारी

निधी आली होती, माझी नणंद. नर्सिंग केलंय तिने, आणि मुलुंडला मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालते. आल्या आल्या जान्हवीची नळी नीट बसवली. सरकली होती, मला कळलंच नव्हतं. वनमाला सिस्टर बघत राहिली. "तू इथे का नाहीस गं?"

"भरतीची परीक्षा दिलीय मॅडम. पास पण झाले. पुढे सगळं गप्प."

"मग घाल घड्या."

दोघी हसल्या. मला नाय हसू आलं. इथे पोरं धापा टाकतात आणि ही तिकडे शर्ट नीट लावते. कुणाच्या बापाचं काय जातं.

१४ जानेवारी

संक्रांत. सोनूबाईने तिळाच्या वड्या आणल्या. मिहिरला लाल लोकरीचं टोपरं पण आणलंय. घरी जाताना घालणार बोलली. सगळ्यांना दाखवलं आणि परत पिशवीत ठेवलं.

१५ जानेवारी

चिमटा घेऊन पलीकडच्या खाटांकडे गेले होते. परत येते तर जान्हवीची नळी निघालेली. ओठ काळे. मी किंचाळले. सिस्टर धावत आली, लावली. हळूहळू रंग आला.

दुसऱ्यांची पोरं बघत फिरत होते मी, आणि माझी इथे... मला कुणी नेमलंय? भरती बंद आहे ना? मग माझी कशी केली?

१६ जानेवारी

आज चिमटा जान्हवीच्याच पायाच्या अंगठ्याला ठेवला. वरून गोधडी टाकली.

सोनूबाईने विचारलं, "गो बाय, तां मशीन खय गेला? ह्येका जरा लावून बघ."

मी बोलले, दुसऱ्या वॉर्डात नेलंय. सिस्टर पण तिकडेच होती. तिला आता दोन वॉर्ड दिलेत. सोनूबाईने मान हलवली. मी तोंड फिरवून बसले.

दुपारी सोनूबाई ओरडली तेव्हा मिहिर निळा पडला होता. सिस्टर आली. डॉक्टर आले. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. स्ट्रेचर ढकलायला वॉर्डबॉय पण नाय. आम्ही बायकांनीच ढकलला लिफ्टपर्यंत. मी पण.

जान्हवीचा आकडा सकाळपासून शहाण्णव होता. मला दिसत होता. तरी काढला नाय.

१७ जानेवारी

चिमटा सिस्टरच्या टेबलावर ठेवला. तिने काय विचारलं नाय. मी काय सांगितलं नाय.

१९ जानेवारी

जान्हवीची नळी काढली. दूध मागून प्यायली. उद्या सोडतील.

सिस्टर बोलली, "तुझ्यासारख्या दोघी मिळाल्या असत्या ना, तर हा वॉर्ड कसा चालला असता बघ." मी खाली बघितलं. मिहिरचं विचारलं. "तिकडे गेलेल्याचं मला कोण कळवणार गं? फोन करायला तरी मान वर काढता येते का मला?"

२० जानेवारी

आम्ही निघत होतो. सोनूबाई आली, राहिलेलं गाठोडं न्यायला. एकटीच. मी काय विचारायच्या आत तिने टोपरं माझ्या हातात दिलं. "कोरा आसा गो. तेका घालूक गावलाच नाय. तुझ्या चेडवाक घाल. तू माझ्या नातवाक रोज बघी होतंस, मी विसरूचंय नाय."

घेतलं. जान्हवीला बरोबर बसलं.