भोपळ्याचं भोक

आण्णा, भोपळ्याला भोक मी पाडलं हुतं. तुमच्याच चपला शिवायच्या दाभनीनं. तुमी जाऊन इतकी वर्सं झाली, आन आज लिहाय बसलोय. मास्तरनं माझ्या अक्षरावर कायम तोंड वाकडं केलं, तुमी करू नका.

नगरचा तो बंगला अजून डोळ्यापुढं हाय. तुमी तिथं माळी, आन मालकांचा पवायचा हौद बी तुमच्याच गळ्यात. दुष्काळात हौद ठनठनीत कोरडा पडला तवा मी त्यात आपली शेळी सोडली हुती. तुमी कान पिळला, पर मिशीत हसत हुता. मग पाऊस झाला, हौद भरला, आन पालिकेचा कागद आला. घरच्या हौदाला चारी अंगानं कुंपन पायजे, फाटकाला कुलूप, कडंला पान्याच्या खोलीचे आकडे, आन बुडत्याला फेकाया दोरी बांधलेलं कायतरी तरंगतं. मालक म्हनले, रबरी टूप मुंबईहून मागवतो. टूप काय येईना. मग तुमी गावी सोनईला जाऊन आज्याचा वाळका भोपळा आनला.

"हा पाठीला बांधून मी इहिरीत पवाय शिकलो," तुमी म्हनला. "तपासनी हू दे, मग तुला शिकवतो."

"मी काय मासा हाय व्हय?"

"मासा कुठला, बेडूक हाईस. नुसता डराव डराव."

मालकांचा आचारी मला उठता बसता 'नापास' म्हनून हाक मारायचा. म्हनून मी भोपळ्याला करंगळीएवढं भोक कोरलं, हौदात दाबून पानी भरलं, भोकात चिंधी कोंबली, आन सैपाकघराच्या दाराव टांगला. तो बाहेर आला तशी चिंधी ओढली. धार बरुबर टकलावर! कडक ऊन पडलेलं, आन गडी छपराकडं बघतोय. मी पोट धरून हसलो. मग पानी ओतून दिलं, भोक कनकेनं बुजवलं, वर माती चोळली, आन भोपळा परत खुटीला.

दुसऱ्याच दिशी तपासनीचा सायेब आला. कुंपन बघितलं, कुलूप हलवून बघितलं, मान डोलावली. भोपळा बघून हसला. तुमी म्हनला, "सायेब, तीन पिढ्या तारल्यात ह्यानं." त्यानं दोन इटा बांधाय लावल्या आन हौदात सोडला. घटकाभर तरंगला. मग बुडबुडे आले, आन इटांसकट तळाला गेला.

"माळीबुवा, ह्यो मानसाला वाचवनार, का मानसानं ह्याला?"

सगळी हसली. आचारी सगळ्यात जास्त. मालक हसले न्हाईत. उद्यापसनं येऊ नका, एवढंच बोलले. तुमी दोरी वढून भोपळा काढला, भोकावर अंगठा फिरवला, आन माझ्याकडं बघितलं. मी कुंपनाच्या तारा मोजत हुतो.

घरी आई म्हनाली, "इतकी वर्सं पान्यापाशी काढली, आन साधा भोपळा बघून घेता आला न्हाई तुमाला?"

"जुना झालता," तुमी म्हनला, आन भाकर मोडली.

त्या दिसापसनं कायबी बिघडलं, दूध उतू गेलं का कुलूप हरवलं, की आई बोलन्यात तो भोपळा काढायची. तुमी गेल्यावर बी काढायची. मी शेजारी बसून 'व्हय' म्हनायचो.

आता आई बी न्हाई. घरात मी एकला. भोपळा माळ्यावर घावला. भोकात लाख भरली, बादलीत सोडला. तरंगतोय की! लई येळ बघत बसलो. दाखवाय कोन न्हाई. मला अजून पवाय येत न्हाई, आण्णा. तुमी परत कधी शिकवतो म्हनला न्हाईत, आन मी इचारलं न्हाई.

ह्ये पत्र कुठं टाकायचं? भोपळ्याखालीच ठिवतो. तुमाला तर तवाच कळलं हुतं. पर आई आता तिकडं तुमच्यापाशी हाय. ती परत भोपळा काढील. आण्णा, पाया पडतो, तवा गप बसला तसं अजून गप बसा. तिला सांगू नका.