खिंडीवरची जुनी गाडी

२ नोव्हेंबर

रेल्वे समितीची बैठक. गावाला आता एकच गाडी पोसता येईल — जुनी डिझेलची किंवा नवी. मतं निम्मी-निम्मी. म्हणजे एकोणीस तारखेला निकाल अध्यक्षांच्या, माझ्या, मतावर. आजच सांगून टाकलं — जुनी भंगारात काढा. दाराला दोन उंच पायऱ्या. कियोनो वन्सं चौऱ्याऐंशीच्या. दोन वर्षं गाडीत बसलेल्या नाहीत.

धाकटे दीर मोरिओ, गाड्यांचे वेडे, सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनींना गाडी नको, फिरता दवाखाना हवाय."

"हवाय. आणि वेळेवर येणारा."

५ नोव्हेंबर

नव्या गाडीची चाचणी. वन्संना घेऊन गेले. फलाटावरून सरळ आत — पायरीच नाही. संत्री सोलत सारा वेळ बोलत होत्या. मी वर्तमानपत्र उघडलं. मान वर केली तर खिंड मागे पडलेली. नाव ठेवायला जागा नाही.

११ नोव्हेंबर

मोरिओंचं म्हणणं — मत देण्याआधी एकदा जुनीत बसा. रास्त आहे — मी कायम मोटारीनेच जाते. बसले.

चालक तरुण मुलगी, केबिनमध्ये एकटी. प्रत्येक सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखून खणखणीत म्हणायची — "पुढे मोकळं." ऐकायला कुणी नाही, तरी. शिस्त आवडली.

खिंडीच्या चढावर रुळांवर ओला पाला. चाकं जागीच गरगरली. तिने चाकांना पकड मिळावी म्हणून रुळांवर वाळू सोडली, पुन्हा जोर लावला. इंजिन असं घुमलं की थरथर तळव्यांतून दातांपर्यंत. बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या एकेक करून पुढे वाकल्या — गाडीला हातभार म्हणून. इथे असंच करतात म्हणे. शुद्ध मूर्खपणा, मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. माथा आला, सगळ्या मागे टेकल्या, तेव्हा कळलं — मीही वाकले होते.

खाली अख्खी दरी पिकल्या पानांनी लाल झालेली. आणि साठीला आलेलं हे लोखंड आम्हाला उचलून इथवर घेऊन आलं होतं. शेजारी बसलेल्या मोरिओंनी काहीतरी विचारलं. मी खिडकीतून दरीच बघत होते.

१२ नोव्हेंबर

थरथर अजून हाडांत आहे.

१९ नोव्हेंबर

मत नव्या गाडीला दिलं. वन्संच्या गुडघ्यांपुढे माझ्या थरथरीची काय मातबरी. मोरिओ कमरेत वाकून म्हणाले, "बरोबर केलंत, वहिनी." भांडले असते तर बरं वाटलं असतं.

३० नोव्हेंबर

जुनीची शेवटची फेरी. मोरिओंनी वन्संनाही बोलावलं होतं. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. दांडा धरून, मध्ये एकदा दम खाऊन, दोन्ही पायऱ्या चढल्या.

"चढता येतं? मग ही दोन वर्षं?"

"या महिन्याआधी 'चला' म्हणालं होतं का कुणी?"