म्हशीचं समजलं, बाबा

शिरपूर, रविवार

तीर्थरूप मंजुताई,

तुह्या पायाले इथूनच हात लावतो. गुडघा कसा हाय? भाऊजींची शुगर? इकडं आमी सारे मजेत, अन् ते तुह्यामुळंच, म्हणून हे पत्र. (फोन केला असता, पण या विषयावर माही जीभ टाळूले चिकटते. तू नर्स, तुले काय त्याचं!)

आमच्या शिवमनं तुले किती सांगतलं माहीत नाही, म्हणून इकडची हकीकत ऐक. त्यानं अन् त्याच्या दोस्तानं, इमराननं मोबाइलवर शाळकरी पोरांचा एक हसवायचा सिनेमा पाहला. त्यात दहावीतल्या पोरायले नवरा-बायकोतलं सारंच ठाऊक, अन् ज्याले ठाऊक नाही त्याच्यावर सारी शाळा हासते. इमरान हासला अन् विसरला. आपलं पोरगं मात्र आपल्यातच काही खोट हाय असं धरून बसलं. जेवण सुटलं. मंग एक दिवस पँट धुताना बायकोले खिशात पुडी सापडली, पोहरादेवीच्या जत्रेतल्या कोण्या तंबूवाल्या वैद्याची, 'ताकतीची'! असल्या पुडीत काय असते ते देव जाणे, मी ढोरालेही देऊ देत नाही.

बायको म्हणे, तुमी बोला, गावभर बोलता ना. आता मी पडलो ढोराचा डॉक्टर. कोणाची म्हैस माजावर आली, कवा रेड्याकडं न्यायची, हे मी भर चौकात बोंबलून सांगतो, कोणी लाजत नाही. (रुखमाकाकू तं लग्नाच्या पंगतीत इचारतात, वाढता वाढता.) शिवमले गोठ्यात नेलं अन् अर्धा तास बोललो. इतकं झकास मी सरकारी शिबिरातही कधी बोललो नाही. पोरानं सारं ऐकून घेतलं अन् हळूच म्हणे, "म्हशीचं समजलं, बाबा. माणसाचं सांगा." फोन आला म्हणून मी जो पळालो, तो थेट गणेशच्या चहाच्या टपरीवर. फोन काही आला नव्हता.

मंग तूरडाळीची पिशवी देऊन त्याले तुह्याकडं, मालेगावच्या बसमध्ये बसवलं. (डाळ निमित्ताले होती, हे तू वळखलंच असशीन.) संध्याकाळी आला, दप्तरात लपवलेल्या आणखी दोन पुड्या काढून चुलीत टाकल्या अन् तीन भाकरी हाणल्या. मले म्हणे, आत्या सांगते, ज्याचं त्याचं शरीर आपल्या वेळेनं वाढते, सिनेमावाले हसवायसाठी काहीही दाखवतात. इचारायची लाज नाही, दुसऱ्याच्या मनाविरुद्ध वागायची लाज पाहिजे. ताई, मी गोठ्यात जाऊन रडलो वं. पोरगं हातचं गेलं असतं. तुहे उपकार या जन्मात फिटत नाहीत.

तुहा लहान भाऊ,
उकंडा

ता. क. पुढच्या रविवारी शिवमसंगं इमरान अन् आणखी चार पोरं येऊन राह्यले. इमरानची आई शाहजादीभाभी स्वतःच म्हणाली, आमच्यालेही न्या. चहा कमी साखरेचा चालते.

आणखी एक. त्यायच्या मागं एक खुर्ची माह्यासाठी ठेवजो, भिंतीकडं तोंड करून. पोरायले सोबत म्हणून येतो, असं सांगतलं हाय. खरं सांगू? आपल्या बाबांनी मले एक अक्षर सांगतलं नव्हतं. मीही सिनेमातूनच शिकलो, अन् लग्नाले अठरा वर्षं झाली. जाऊ का, म्हणून बायकोले इचारलं. ती म्हणे, वही घेऊन जा.