डिस्क जागी होण्याआधी

१९ मे, सोम.
शाळेत टेबलावर गुरुजींची छडी दोनदा वाजायची, मग अख्ख्या वर्गाने एका सुरात कविता. सकाळपासून तीच टकटक कानात. मी नेहमी पहिल्या टकेलाच सुरू व्हायचो.

दुपारी लाइट गेली, आली. संगणक आपला आपण चालू झाला, पण सुधाच्या कविता नाहीत. फोल्डर रिकामं. ती गेल्यापासून चारचा चहा तिच्या आवाजाबरोबर. चौथीच्या वर्गाला म्हणून दाखवायची, तशाच रेकॉर्ड केलेल्या. आज चहावर साय आली.

२० मे
निखिलला बंगळुरास फोन. म्हणे, 'बाबा, संगणक सुरू होताना प्रोग्रॅम आधी उठतात, आईची डिस्क मागून येते. जुनी झालीय. कविता आहेत. मी शनिवारी बघतो, तुम्ही हात लावू नका.'
हात लावला. प्रोग्रॅम एक मिनिट थांबून सुरू होतील असं केलं. खडकीच्या फॅक्टरीत जन्म गेला; भोंगा वाजेपर्यंत माणसं आलेली असतातच.
चारला सुधा बोलली. बरं वाटलं.

२२ मे, गुरु.
पुन्हा लाइट. डिस्कला मिनिटापेक्षा जास्त लागलं. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला फोल्डर रिकामं दिसलं, त्याने दुसरीकडची प्रत रिकामी केली. शहाण्यासारखं.
निखिलला फोन. म्हणे, 'वेळ कोणी घालायला सांगितली? अट घालायची. डिस्क जोडली गेली, तरच सुरू.' ओळ सांगितली, मी कविता लावणाऱ्या नि प्रत काढणाऱ्या, दोन्ही प्रोग्रॅमच्या फाइलींत टाइप केली. 'आता कविता फक्त त्या जुन्या डिस्कवर. नवी डिस्क आणा, आजच.'
ऊन फार. उद्या बुधवार पेठेच्या बाजारात जाईन.

२३ मे
गेलो नाही. दिवसभर तिच्याच कविता लावून बसलो. एका ठिकाणी ती खोकते, 'सॉरी हं मुलांनो' म्हणते…

२४ मे, शनि.
सकाळी लाइट गेली. आल्यावर डिस्क आलीच नाही. नुसती कटकट करते नि बंद पडते. प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणे थांबलेत. आता बिनचूक थांबतात. निखिलला अजून सांगितलेलं नाही.

चार वाजता बेल. दारात मुग्धा. निखिलशी काडीमोड झाल्यावर या घरात पाऊल नाही टाकलं हिने, सुधाच्या दहाव्यालासुद्धा नाही. सुधाचा आवाज हिनेच हिच्या फोनवर रेकॉर्ड केला होता.
'आई गेल्याचं निखिलने कळवलंच नाही,' ती म्हणाली. 'इथे जवळच कर्वेनगरला आले होते, म्हणून डोकावले.'
तो फोन आहे का अजून, हे ओठांवर आलं.
'चहा घेणार?' म्हणालो.
ती चपला न काढता उभी.