तळहाताचा धडा आणि नातवंडाचा पाळणा

ती. ताईस,

धाकट्याचा एका हाताने साष्टांग नमस्कार (दुसरा बँडेजमध्ये आहे). तुझे गुडघे काय म्हणताहेत? दाजींची झोप सुधारली का? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून. अक्षर हिचं आहे, मजकूर माझा; तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या समजाव्यात.

त्याचं असं झालं. लेकीला सातवा महिना लागला, आणि नातवंडाचा पाळणा मी स्वतःच्या हातांनी करणार, असं चारचौघांत बोलून बसलो. (बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला लाकडाचं काय एवढं, असं वाटलं होतं.) खालच्या मजल्यावरच्या सुतारानं रंधा दिला आणि बजावलं, "मास्तर, पहिल्या दिवशी अर्धा तास. बास." मी तीन तास ओढला. कारण मी त्याला त्वचेबद्दल सांगत होतो, आणि हा विषय निघाला की मी थांबत नाही हे तू जाणतेस. म्हटलं, बाबा रे, तळहाताची कातडी म्हणजे पेशींचे थरावर थर, प्रत्येकीनं शेजारणीला घट्ट धरलेलं. वरच्या झिजून गळतात, तळाचा थर नव्या वर पाठवत राहतो. आतड्याला मात्र आतून एकच थर, कारण तिथे अन्न शोषून घ्यायचंय, जाड भिंत काय कामाची? आणि श्वासनळीला बारीक बारीक केस, धूळ वर लोटायला. एवढ्यात माझ्याच श्वासनळीत भुसा गेला. केस बिचारे पुरे पडले नाहीत, मी खोकून खोकून लाल झालो. सुतार म्हणाला, "समजलं मास्तर. आता रंधा ठेवा."

ठेवला, तर तळहातावर कोटाच्या बटणाएवढा फोड. थरांनी एकमेकांना सोडलं होतं आणि मधे पाणी भरलं होतं. फोड फोडू नये, वरची कातडी हेच उत्तम झाकण, हे मी पोरांना बत्तीस वर्षं सांगितलं. आणि सुईनं फोडला. (आत कसं दिसतं ते बघायचं होतं.) तिसऱ्या दिवशी हात टम्म फुगला. डॉक्टरीण निघाली माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं हात पाहिला, मग मला पाहिलं. "सर, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना?" मी छडी खायला निघालेल्या पोरासारखा हात आणखी पुढे केला.

पण ताई, आज पट्टी बदलताना बघितलं. कडेकडेनं नवी कातडी आत सरकत आलीय, गुलाबी, कागदासारखी पातळ. फळ्यावर हे चित्र मी शेकड्यांनी काढलं असेल, पण स्वतःच्या हातावर बघून मी त्या कातडीला मोठ्यानं "शाबास" म्हटलं. (हे लिहिताना ही हसली.) सुताराच्या हातांना दगडासारखे घट्टे आहेत. त्याला विचारलं, मला कधी पडायचे? म्हणाला, "रोज थोडं थोडं घासा मास्तर. कातडीला सवड द्या की जरा."

पाळणा होतच आलाय. बाळ आलं की तू येऊन बघच.

तुझा,
भाऊ

ता. क. हाताचं लेकीला कळवू नकोस. उगाच काळजी करत बसेल.

ता. क. (हा माझा. हे आत पडलेत.) वन्सं, पाळणा सगळा सुतारानं केलाय. ह्यांनी एक दांडी घासली, तेवढीच. पण लेकीला "बाबांनी केला" असंच सांगायचं आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि सुतारानं, ठरवलंय. तेवढं सांभाळून घ्या. आणि जमलं तर ह्यांना पंधरा दिवस तुमच्याकडे बोलवा. पट्टी निघाली की खुर्ची करायला घेणार म्हणताहेत. सुतार कालपासून दुकानाला आतून कडी लावून बसतो.